डोंगरांतला धांवणारा आणि त्याचें चित्र

आमच्या एका स्नेह्यांच्या दिवाणखान्यांत एक छायाचित्र टांगलेलें आहे. सातारच्या यवतेश्वर घाटांत २०१२ सालापासून अर्ध-मॅरेथॉनची जी शर्यत होत आली आहे, तिच्यांत घेतलेलें तें. मागें धुक्यानें अर्धवट झांकलेला डोंगर, खालीं हिरवी दरी, आणि पुढें आमचे स्नेही. दोन्ही पाय जमिनीवेगळे, मुद्रा प्रसन्न. घरीं येणारा प्रत्येक पाहुणा त्याची वाहवा करतो. एके दिवशीं पाहुणे उठून गेल्यावर ते आम्हांस हळूच म्हणाले, "खरें सांगूं? त्या वळणापर्यंत मी चालतच आलों होतों. छायाचित्रकार दिसला म्हणून धांवलों, आणि त्याला मागें टाकल्यावर पुन्हां चालूं लागलों!"

बोलणें थट्टेचें होतें. परंतु सुरांत किंचित् ओशाळलेपण होतें, आणि त्यामुळेंच आम्ही विचारांत पडलों. हें चित्र खरें म्हणावें कीं खोटें?

आमच्या स्नेह्यांची गोष्ट एकट्याची नव्हे. आल्प्समधील माँ ब्लाँ पर्वतासभोंवार २००३ सालापासून एक प्रचंड शर्यत होते. शामोनी गांवाहून निघून फ्रान्स, इटली व स्वित्झर्लंड या तीन देशांतून सुमारें १७० किलोमीटर जावयाचें, आणि त्यांत एकंदर चढ सुमारें १०,००० मीटरांचा. असल्या खड्या चढावर उत्तमांतले उत्तम स्पर्धकही पुष्कळदां चालतातच; कोणी हातांत काठ्या घेऊन, कोणी गुडघ्यांवर हात रेटून. तेथें धांवण्यापेक्षां चालणेंच शहाणपणाचें असतें. पण असल्या शर्यतींचीं चित्रें पाहावीं, तर जो तो वाऱ्यावर तरंगत असलेला! याचें कारण उघड आहे. छायाचित्रकार बसतो तो कड्याच्या सपाट धारेवर किंवा सौम्य उतारावर. लांब पल्ल्याच्या भिंगानें कोसभर दूरचें शिखर तो धांवणाऱ्याच्या पाठीशीं आणून उभें करतो. आणि घेतलेल्या अनेक चित्रांतून निवडतो तें नेमकें दोन्ही पाय अधांतरीं असलेलें. प्रत्येक चित्र सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतें अक्षरशः खरें असतें. सगळ्यांचा मिळून होणारा ग्रह मात्र खरा नसतो.

हा वाद जुनाच आहे. १८७८ सालीं कॅलिफोर्नियांत मायब्रिज यानें ओळीनें कॅमेरे मांडून भरधांव घोड्याचीं चित्रें घेतलीं. घोड्याचे चारही पाय अधांतरीं असतात ते पोटाखालीं गोळा झालेले असतांना, चित्रकार दाखवीत आले तसे पुढेंमागें ताणलेले असतांना नव्हे, हें त्यांवरून सिद्ध झालें. तरीही शिल्पकार रोदँ यानें १९११ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या संभाषणांत चित्रकारांचीच बाजू घेतली. काळ कधीं थांबत नाहीं, म्हणून थांबलेला क्षण दाखविणारें यंत्रच खोटें, असा त्याचा आशय होता. आम्हांस हें अर्धेंच पटतें. चित्रकाराचें चित्र हातचें आहे हें पाहणारा जाणून असतो. छायाचित्र मात्र साक्षीदार म्हणून पुढें येतें, आणि साक्षीदाराला कवीची सवलत मागतां येत नाहीं.

तथापि आमच्या स्नेह्यांना दोषी ठरविण्याची आमची तयारी नाहीं. चित्र काढवून घेण्यापूर्वीं माणूस फेटा नीट करतो, याला कोणी लबाडी म्हणत नाहीं. ते वीस पावलें धांवले हें तर खरेंच. पण "ढग आतां सरले, जरा मागें जाऊन पुन्हां या" असें चालू शर्यतींत दमलेल्याला सांगणारा छायाचित्रकार त्याचा वेळ आणि श्वास चोरतो, असें आम्हांस वाटतें. जाहिरातीसाठीं मोल देऊन धांवविलेल्या माणसाची गोष्ट निराळी.

याहून जड प्रश्न पुढेंच आहे. असल्या चित्राचें सौंदर्य बहुधा माणूस लहान दिसण्यांत असतें. विशाल पर्वत आणि त्यावर एक रंगीत ठिपका. ठिपक्याला चेहरा नसतो. तो सुखांत आहे कीं काकुळतीला आला आहे हें दिसत नाहीं, आणि दिसलें तर चित्र बिघडेल! २२ मे २०२१ रोजीं चीनच्या गान्सू प्रांतांत, पीत नदीकांठच्या पाषाणवनाच्या रम्य परिसरांत १०० किलोमीटरांची शर्यत चालू असतां गारा, गोठविणारा पाऊस आणि सोसाट्याचा वारा सुटला. १७२ स्पर्धकांपैकीं २१ जण दगावले. पुष्कळांच्या अंगावर पातळ कपड्यांपलीकडे कांहीं नव्हतें. त्याच डोंगरांत एका मेंढपाळानें आपल्या गुहेंत शेकोटी पेटवून सहा जणांचे प्राण वाचविले. त्याच्याही दृष्टीस प्रथम असेच लांबचे ठिपके पडले असतील.

निर्जन कड्यावर बसलेला छायाचित्रकार हा कित्येकदां कोसभरांतला एकटाच धडधाकट माणूस असतो. मग आपण केवळ प्रेक्षक आहों असें त्याला म्हणतां येईल काय? आमच्या मतें नाहीं. भिंगांच्या पिशवींत एक घोंगडी आणि गरम पाण्याची बाटली त्यानें बाळगलीच पाहिजे. कोसळणाऱ्या माणसाचें चित्र घेऊंच नये, इतकें कडक आम्ही म्हणत नाहीं. सेकंदाच्या हजाराव्या भागानें मदतीला उशीर होत नाहीं. दोष आहे तो दुसऱ्या, अधिक चांगल्या चित्रासाठीं थांबण्यांत. आणि घेतलेलें चित्र चार लोकांत मांडण्यापूर्वीं त्या माणसाला विचारावें, एवढी रीत तर कोणालाही कळेल.

आमच्या स्नेह्यांनीं तें चित्र अजून काढलेलें नाहीं. मात्र अलीकडे वाहवा सुरू झाली कीं वळणावरची हकीकत ते स्वतःच सांगून टाकतात. पाहुणे हसतात, आणि पुन्हां एकदां उठून चित्राजवळ जातात.