पट्टीच्या मागची भिंत

गेल्या वर्षीपर्यंत देवबागच्या आमच्या घरात बाथरूम नव्हतं. न्हाणी होती. मागच्या दाराने बाहेर पडायचं, तीन पायऱ्या उतरायच्या, आठ-दहा पावलं चालायचं आणि चिऱ्याच्या चार भिंतींत शिरायचं. आत एक मोठी सपाट धोंड, कोपऱ्यात चूल, चुलीवर तांब्याचा हंडा. अंगावरून ओघळलेलं पाणी भिंतीच्या भोकातून थेट माडाच्या आळ्यात. पाणी कुठून येतं, कुठे जातं, सगळं डोळ्यांसमोर.

त्याआधीच्या पावसाळ्यात आजी त्या तीनपैकी दुसऱ्या पायरीवर घसरली. वय ८३. मनगटावर निभावलं, पण सगळ्यांच्याच पोटात गोळा आला. मागची पडवी अर्धी बंद करून घरातच बाथरूम करायचं ठरलं. शिमगा झाला की काम सुरू, मिरगाच्या आत संपलं पाहिजे. बाबा दिवसभर बाहेर, म्हणून मी पुण्याहून लॅपटॉप उचलून देखरेखीला आले.

काम चालू असलेल्या घरात राहिलात कधी? सिमेंटची भुकटी माशाच्या कढीवर बसते, कीबोर्डमध्ये बसते, केसांत बसते. मीटिंगमध्ये मी बोलायला तोंड उघडलं की कटर सुरू व्हायचा. तिसऱ्या आठवड्यापर्यंत माझ्या टीमला तो आवाज इतका ओळखीचा झाला, की शांतता असली की ते विचारायचे, आज काम बंद आहे का?

बाथरूममध्ये एक वस्तू असते, जिच्याकडे आपण सहसा बघतसुद्धा नाही. पट्टी. टाइल जिथे संपते आणि दाराची चौकट जिथे सुरू होते, तिथे दोघांच्या कडा क्वचितच नीट भेटतात. मध्ये फट राहते. त्या फटीवर अ‍ॅल्युमिनियमची, स्टीलची किंवा पीव्हीसीची चिंचोळी पट्टी बसवतात. मला ती नको होती. फोनमधल्या बाथरूमांत पट्ट्या नसतात. तिथे टाइलची कड तिरकी कापून दुसऱ्या टाइलला अशी भिडवतात, की जोड दिसतच नाही. मी तसे फोटो गवंडीकाकांना दाखवले.

त्यांनी फोन हातात घेतला नाही. ओळंबा काढून भिंतीला लावला. वरून खाली येईपर्यंत भिंत पाऊण इंच बाहेर आली होती.

"भिंतच वाकडी आसा, बाय. टायल सरळ खयसून बसतली?"

भिंत पणजोबांच्या काळातली, जांभ्याच्या चिऱ्यांची. खाणीत हा दगड मऊ असतो, कापता येतो. उघड्यावर वारा-ऊन खाऊन कडक होतो. मलबारात त्याचा असा विटेसारखा वापर बघूनच फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश डॉक्टरने १८०७ मध्ये त्याला 'लॅटेराइट' नाव दिलं, विटेच्या लॅटिन शब्दावरून. पण हाताने तासलेल्या चिऱ्यांच्या भिंतीला फोनमधल्या भिंतीची शिस्त कुठून येणार?

मी हट्ट सोडला नाही. "काका, पट्टी लावणं म्हणजे चूक लपवणं."

"तू आंगार कपडे घालतंस, ता काय लोकांका फसवूक?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं, तरी काम माझ्या मनासारखं करून घेतलं. तिरक्या कापलेल्या कडा उडाल्या. मी ९ टाइल उखडायला लावल्या. पुन्हा बसवल्या, तेव्हा जोड जुळला, पण भिंतीचा वाकडेपणा चौकटीच्या कडेला पाचरीसारखा उघडा पडला, वर निमुळता, खाली बोटभर. शेवटी पट्टीच लागली.

रात्री जेवताना बाबा म्हणाले, "त्यांनी काम अंगावर घेतलंय. रोजंदारी नाही. तू उखडायला लावलेले दोन दिवस त्यांच्या खिशातून गेले."

मला हे ठाऊकच नव्हतं. खरं तर मी विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी दोन दिवसांची मजुरी दिली. काकांनी पैसे मोजले नाहीत, काही बोललेही नाहीत, खिशात घातले आणि माल कालवायला लागले.

त्या आठवड्यात मला लुडविग विटगेनस्टाइनच्या घराची गोष्ट आठवत राहिली. १९२१ मध्ये 'ट्रॅक्टेटस' छापून आलं आणि तत्त्वज्ञानाचे मुख्य प्रश्न आपण सोडवले, असं मानून हा माणूस त्यातून बाहेर पडला होता. १९२६ ते १९२८ या काळात त्याने वास्तुरचनाकार पॉल एंगेलमनबरोबर व्हिएन्नात आपल्या बहिणीचं, मार्गारेटेचं, घर बांधलं. दारांच्या मुठी, खिडक्यांच्या कड्या, रेडिएटर, सगळं स्वतः आखलं आणि मिलिमीटरवरून कारागिरांशी वाद घातले. घर जवळजवळ पूर्ण झालं, साफसफाई सुरू होणार, तेव्हा त्याने एका दालनाचं छत ३ सेंटिमीटर वर घ्यायला लावलं. कॉलेजात ही गोष्ट ऐकली तेव्हा मला तो माणूस प्रामाणिकपणाची कमाल वाटला होता. आता वाटतं, विटगेनस्टाइन घराणं ऑस्ट्रियातल्या अतिश्रीमंतांपैकी होतं. छत उचलायची मजुरी बहिणीला जड नव्हती. माझ्या ९ टाइलांची मजुरी मात्र मी दुसऱ्याच्या नावावर टाकली होती आणि वर त्याला खरेपणाची आवड म्हणत होते.

आजीला मी विचारलं, तुमच्या वेळी फटी कशाने झाकायचात? तिला प्रश्नच कळला नाही. "सारवूचा," ती म्हणाली. मातीची जमीन, तिला भेगा पडणारच. शेण कालवायचं आणि हाताने ओढायचं. आठवड्याने पुन्हा. सारवणही झाकतंच की. पण सारवणाऱ्या बाईचा हात दर आठवड्याला प्रत्येक भेगेवरून फिरतो. कुठे जमीन पोकळ झाली, कुठे मुंग्यांनी माती काढली, तिला डोळे मिटून ठाऊक असतं. तिने भेग झाकलेली असते, पण विसरलेली नसते. अर्थात या सगळ्याची मजुरी आजीला कधी कोणी दिली नाही, त्यामुळे सारवणाचं कौतुक करताना मी थोडी जपूनच असते.

मे संपत आला. टाइल झाली, ग्राउट भरलं, पट्ट्या मापाने कापून ठेवल्या. काकांनी नहाणी ट्रॅपमध्ये फडकं कोंबून जमिनीवर पाणी साठवलं आणि २४ तास तसंच ठेवलं. (प्लंबिंगच्या इंग्रजी कॅटलॉगातसुद्धा याला 'नहाणी ट्रॅप'च म्हणतात. आमची न्हाणी गेली, पण तिचं नाव जमिनीखाली शिल्लक राहिलं.)

दुसऱ्या दिवशी सकाळी काका कटर न लावता नुसतेच उभे होते. मला हाक मारून त्यांनी उंबऱ्याच्या बाहेरच्या बाजूला, माजघराच्या भिंतीच्या तळाशी बोट दाखवलं. चिरा हातभर लांबीत काळपट झाला होता.

"हयसर पाणी मुरता हा."

उंबऱ्याखाली वॉटरप्रूफिंगचा हात नीट फिरला नव्हता. शिवाय दाराजवळ ढाळ उलटा गेला होता. फुटाला पाव इंच ट्रॅपकडे उतार हवा, तर तिथे पाणी उंबऱ्याकडे येऊन थांबत होतं. चूक त्यांचीच होती. त्यांनी तसं कबूलही केलं.

आणि माझ्या तोंडून काय निघालं, ऐका. "काका, आत्ता सिलिकॉन भरू, वरून पट्टी मारू. गणपतीनंतर बघू."

मीच. महिनाभरापूर्वी पट्टीवरून सत्याचं प्रवचन देणारी. मिरग आठ दिवसांवर होता, माझी सुट्टी संपली होती, पैसे संपत आले होते आणि मला पुण्याला जायचं होतं. डाग पट्टीखाली बसला असता. दिसला नसता.

"पट्टी मारलंय तर कोणाक कळूचा नाय," काका म्हणाले. "पण दोन पावसांनी चिरो भुसभुशीत झालो की मगे माझ्या नावान बोटां मोडतलात."

प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये, दुसऱ्या भागात, गायजिसच्या अंगठीची गोष्ट आहे. एका मेंढपाळाला अशी अंगठी सापडते, की ती फिरवली की तो अदृश्य होतो. मग तो राणीला वश करतो, राजाला मारतो, राज्य घेतो. प्रश्न असा, की कोणीच बघणार नसेल, तर माणूस चांगला का वागेल? मला ही गोष्ट नेहमी फार लांबची वाटायची. आता वाटतं, गवंडी ही अंगठी रोज घालतो. पाइप, वॉटरप्रूफिंग, विटांमधला माल, त्याचं निम्मं काम संध्याकाळपर्यंत अदृश्य होतं. काकांनी दिलेलं उत्तर काही फार उदात्त नव्हतं. त्यांना शिव्या खायच्या नव्हत्या. पण त्या उत्तरात एक हिशेब होता, जो माझ्याकडे नव्हता. दोन पावसांनंतर त्या उंबऱ्यावर कोण उभं असेल, हे त्यांनी बघितलं होतं. मी फक्त पुढचे आठ दिवस बघत होते. ओल्या, सुटलेल्या उंबऱ्यावर पाय ठेवणार होती आजी.

तेव्हा मला झाकणं आणि लपवणं यातला फरक कळला, निदान माझ्यापुरता. पट्टी तीच, हात तोच. मागे काय आहे हे त्या घरात राहणाऱ्याला ठाऊक असेल आणि उद्या पट्टी काढून बघता येत असेल, तर ते झाकणं. मागचं बिल न सांगता दुसऱ्याच्या नावावर फाडलं, तर ते लपवणं. अंगावरच्या कपड्यांचं काकांचं उदाहरण म्हणून बरोबर होतं.

पण खरं वागण्याचंही बिल येतं, हे कोणी सांगत नाही. उंबरा उखडला, तीन ओळी टाइल काढल्या, ढाळ पुन्हा काढला, वॉटरप्रूफिंगचे थर वाळायला वेळ दिला. मजुरी काकांनी सोसली, सामान आम्ही आणलं. मध्येच पाऊस धरला. काम ११ दिवस लांबलं आणि ते ११ दिवस आजीला त्याच तीन पायऱ्या उतरून न्हाणीत जावं लागलं, शेवाळ धरलेल्या, पावसात. म्हणजे आमच्या प्रामाणिकपणाचा धोका जिच्यासाठी सगळं चाललं होतं तिच्याच पायाखाली गेला. मी पुण्याचं तिकीट रद्द केलं आणि आजीच्या खोलीत झोपायला लागले. रात्री ती उठली की एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात तिचा दंड. एका रात्री दुसऱ्या पायरीवर माझाच पाय सरकला. आजी म्हणाली, "बघून चल गो. तू पडलंस तर तुका कोण उचलतला?"

शेवटी पट्टी बसवायची वेळ आली. सिलिकॉनने चिकटवली असती तर दहा मिनिटांचं काम होतं. मी स्क्रू मागितले, काढता-घालता येतील असे. आमच्या घराच्या एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी. खारा वारा इथे साध्या लोखंडाला वर्षभर टिकू देत नाही. ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलवरसुद्धा चहासारखे डाग येतात. ३१६ ग्रेडमध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, ते मिठाला जास्त दाद देत नाही. ते स्क्रू बाहेरून मागवावे लागले. स्क्रूसाठी एवढं कशाला, असं कोणी विचारलं नाही. मालवणात आता ते कोणी विचारत नाही. ४ डिसेंबर २०२३ ला राजकोटावर शिवरायांचा पुतळा उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. पडण्याच्या काही दिवस आधी त्याचे नट-बोल्ट गंजल्याचं सार्वजनिक बांधकाम खात्याने पत्राने कळवलं होतं, असं नंतर बातम्यांत आलं. आज तिथे नवा, अधिक उंच पुतळा आहे. पण गंज आतून कसा काम करतो, हे त्या दिवसापासून इथल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे.

टाइल बंद होण्याआधी मी प्रत्येक भिंतीचे फोटो काढून ठेवले होते, टेप लावून. पाइप जमिनीपासून किती उंचीवर, वळण कुठे, उंबऱ्याखाली काय थर. ते छापून बाथरूमच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवले. तुमच्या घरी काम निघालं तर एवढं नक्की करा. खर्च काहीच नाही. पुढच्या गवंड्याला भिंत फोडून अंदाज घ्यावा लागणार नाही. उलट्या गेलेल्या ढाळाचा फोटोही त्यात आहे. काकांना विचारलं, लावू का? ते म्हणाले, "लाव. पण सरळ केलेल्याचोय लाव."

दोन्ही लावले.

आजीने पहिल्या दिवशी आत जाऊन तांब्याभर पाणी दाराजवळ ओतलं आणि वाकून बघत राहिली. पाणी उंबऱ्याकडे न येता सरळ ट्रॅपकडे गेलं. पट्टी तिने पाहिलीही नाही.

"पाणी जाता मा? मगे झाला," म्हणाली आणि दार लावून घेतलं.