संत गोन्सालो गार्सिया : नाकारलेल्या दारापुढचा माणूस



येत्या 6 फेब्रुवारीला पवित्र ख्रिस्तसभा नागासाकीच्या रक्तसाक्ष्यांचा सण साजरा करते. त्या 26 जणांमध्ये एक आपल्या महाराष्ट्राचे सुपुत्र होते. ते म्हणजे वसईचे संत गोन्सालो गार्सिया, भारतात जन्मलेले पहिले संत. वसई आपल्या परभणीपासून दूर, समुद्रकाठी आहे. तरी त्यांचे जीवन आपल्या घरच्या गोष्टींशी किती मिळतेजुळते आहे, हे आज आपण पाहू या.

सुमारे 1557 साली त्यांचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज, आई वसईची. येशूसंघीय धर्मगुरूंच्या शाळेत ते शिकले. कोवळ्या वयातच ते धर्मगुरूंबरोबर जपानला गेले. तिथली भाषा त्यांनी इतकी आत्मसात केली की लोक त्यांचे बोलणे आवडीने ऐकत. कित्येक वर्षे त्यांनी धर्मशिक्षक म्हणून सेवा केली. येशूसंघात आपल्याला प्रवेश मिळावा, ही त्यांची मनापासूनची इच्छा होती. परंतु ती पूर्ण झाली नाही.

ज्यांच्यासाठी उमेदीची वर्षे खर्च केली, त्यांच्याच घरात जागा मिळाली नाही, तर माणसाला काय वाटत असेल? गोन्सालो व्यापारात पडले. धंद्यात जमही बसला. पण प्रभूची हाक थांबली नव्हती. पुढे ते फिलिपाईन्समधील मनिला शहरी गेले आणि फ्रान्सिस्कन संघात व्रतबंधू झाले. ते धर्मगुरू झाले नाहीत, वेदीवर मिस्सा अर्पण करण्याचा मान त्यांना मिळाला नाही. 1593 साली फादर पीटर बाप्टिस्ट जपानचे सत्ताधीश हिदेयोशी यांच्याकडे निघाले, तेव्हा त्यांना दुभाषा हवा होता. नाकारल्या गेलेल्या दिवसांत शिकलेली तीच जपानी भाषा आता उपयोगी पडली. क्योतो शहरात या बंधूंनी गोरगरीब व कुष्ठरोग्यांची सेवा केली.

डिसेंबर 1596 मध्ये त्यांना अटक झाली. जानेवारीत त्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यात आला. भर हिवाळ्यात, जवळजवळ महिनाभर, त्यांना नागासाकीपर्यंत नेण्यात आले. 5 फेब्रुवारी 1597 रोजी एका टेकडीवर त्यांना क्रुसावर बांधून भाल्यांनी भोसकण्यात आले. त्यांत लुईस इबाराकी हा अवघ्या 12 वर्षांचा मुलगाही होता. 8 जून 1862 रोजी पोप नववे पायस यांनी या सर्वांना संतपद बहाल केले.

बंधू-भगिनींनो, बांधकाम करणाऱ्यांनी बाजूला टाकलेल्या दगडाची गोष्ट प्रभू येशूने स्वतःबद्दल सांगितली. हा संत त्याच प्रभूच्या मागे चालला. माणसांनी एक दार लावून घेतले म्हणून तो देवावर रुसला नाही.

आपल्या धर्मग्रामाकडे वळू या. आपल्यातही असे तरुण आहेत. कुणाचे भरतीच्या यादीत नाव आले नाही, कुणी परीक्षेत नापास झाला. कुणाला अर्ध्यावर शाळा सोडून मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जावे लागले. हळूहळू त्यांचे रविवारी येणे थांबले. 'आपण कुठल्याच कामाचे नाही,' असे त्यांना वाटते. आणि खरे सांगायचे तर आपणही त्यांच्या दारात जाऊन विचारपूस केली नाही. देवळात जागा रिकामी दिसली, पण 'का रे बाबा, दिसला नाहीस?' असे आपण विचारले नाही. हा दोष आपला आहे, तो आपण प्रभूपुढे कबूल करू या.

संत गोन्सालो यांच्याजवळ मोठे पद नव्हते, भाषा होती. ज्यांना बोलता येत नव्हते, त्यांच्या वतीने ते बोलले. आपल्याजवळही काही ना काही आहे. ज्याला लिहिता-वाचता येते त्याने शेजारच्या आजींना बँकेचा कागद वाचून दाखवावा. ज्याला दवाखान्याची माहिती आहे त्याने गावाकडून आलेल्या आजाऱ्यासोबत डॉक्टरांपुढे उभे राहावे. ऊसतोडीवर गेलेल्या कुटुंबाची पोरे म्हाताऱ्या आजी-आजोबांजवळ राहिली असतील, तर त्यांचा अभ्यास घ्यावा. हीच आपली दुभाष्याची सेवा.

या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने एक गोष्ट करावी. मिस्साला येणे सोडून दिलेल्या एका घरी जावे. उपदेश करू नये. चहा घ्यावा, ख्यालीखुशाली विचारावी, त्यांचे ऐकून घ्यावे. निघताना त्यांच्यासोबत एक 'नमो मरिया' म्हणावी.

हे प्रभू, तुझा सेवक संत गोन्सालो याला नकारातही तुझी वाट दिसली. आमच्या निराश झालेल्या लेकरांना तुझी वाट दाखव आणि आम्हांला त्यांच्या सोबतीला चालव. संत गोन्सालो गार्सिया, आम्हांसाठी विनंती करा. आमेन.