अधिक्षेपाचा खेळ आणि खेळाबाहेरचे लोक

'बेओवुल्फ' या प्राचीन इंग्रजी काव्यात ह्रोथगार राजाच्या सभेत उनफर्थ हा पाहुण्या वीराला एका जुन्या जलतरण-पैजेवरून डिवचतो. कवी त्याचे कारण आडपडदा न ठेवता सांगतो : आपल्याहून अधिक कीर्ती दुसऱ्या कोणाच्या वाट्याला यावी, हे उनफर्थला सोसवत नाही. पुढे हाच उनफर्थ बेओवुल्फला स्वतःची तलवार देतो आणि अधिक्षेपाचे ऋण जणू तेथे फिटते.

स्कॉट्स भाषेतील 'फ्लायटिंग' या काव्यप्रकारात असा सर्वज्ञ निवेदक नसतो. इ. स. १५०० च्या सुमारास, चौथ्या जेम्सच्या काळात, विल्यम डनबार आणि वॉल्टर केनेडी यांनी परस्परांवर रचलेल्या शिवीगाळीत मत्सर कोठे संपतो आणि क्रीडा कोठे सुरू होते, हे श्रोत्यानेच ठरवायचे असते. डनबारचा शेवट अंतर्गत यमकांनी इतका गच्च भरलेला आहे, की शिवीचा अर्थ मागे पडून केवळ नादच कानी उरावा. म्हणूनच हा सारा प्रकार भाषाप्रभुत्वाचे निरुपद्रवी प्रदर्शन होय, असे म्हणण्याचा मोह होतो. त्याला आधारही आहे. दिवंगत कवींच्या स्मरणार्थ लिहिलेल्या विलापिकेत डनबार मरणासन्न केनेडीचा उल्लेख आदराने करतो. उनफर्थच्या तलवारीसारखेच हे घडते. शिवाय ज्याला कीर्तीच नाही, त्याच्यावर एवढी प्रतिभा कोण खर्च करील?

परंतु हा युक्तिवाद दोघा कवींपुरताच टिकतो. डनबार केनेडीच्या दारिद्र्याची व कुरूपतेची टर उडवतो, तेव्हा उत्तर द्यायला केनेडी समर्थ आहे. तो राजवंशाशी नाते सांगणाऱ्या सरदारघराण्यातला आहे, आणि डनबारच्या पूर्वजांवर राजद्रोहाचा ठपका ठेवून तो हिशेब चुकता करतो. मात्र कॅरिक प्रांताच्या गेलिक भाषेला डनबार हीन ठरवतो, तेव्हा लक्ष्य बदलते. केनेडी या भाषेची बाजू ठामपणे मांडतो. खऱ्या स्कॉट माणसाची भाषा हीच असायला हवी, असे त्याचे म्हणणे. पण ते त्याला स्कॉट्समध्येच मांडावे लागते, आणि त्याची आज उपलब्ध असलेली सारी रचनाही स्कॉट्समधलीच आहे. व्यक्तीचा अपमान विलापिकेतील एका कडव्याने मागे घेता येतो. भाषिक समूहाचा अपमान मागे घेण्याची तरतूद या खेळाच्या संकेतांत नाही, कारण तो समूह खेळात उतरलेलाच नसतो.

खेळाची मुभा कोणाला, हा प्रश्नही सुटा नाही. सोळाव्या शतकात स्कॉटलंडच्या नगर-न्यायालयांत 'फ्लायटिंग' हे एका गुन्ह्याचे नाव होते, आणि त्यासाठी उभ्या केलेल्यांत स्त्रियांचा भरणा मोठा होता. सार्वजनिक क्षमायाचना ही त्यांची एक शिक्षा. सहावा जेम्स मात्र १५८४ च्या आपल्या काव्यशास्त्रविषयक पुस्तिकेत फ्लायटिंगला कोणते वृत्त शोभेल, याचा विचार करतो. दरबारात जे वृत्त, तेच बाजारात दंडनीय. या विसंगतीची नोंद काव्यसमीक्षेने क्वचितच गांभीर्याने घेतली आहे.

१५६८ च्या बॅनटाइन हस्तलिखितात डनबार-केनेडी वाद उतरवून घेताना, कोणाची अधिक दुर्दशा झाली याचा निवाडा वाचकांवर सोपवला आहे. त्या निवाड्यासाठी नावे दोनच ठेवलेली आहेत. कॅरिकचा गेलिकभाषक त्यांत धरलेला नाही.