शुश्रूषा करणाऱ्याची झोप

पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून साधारणतः दर दोन तासांनी त्याची कूस बदलावी लागते. रात्री हे काम बहुधा एकट्या पत्नीच्या वा सुनेच्या वाट्याला येते. तिने एका रात्रीची झोप मागितली, तर तो स्वार्थ ठरतो काय? आम्हांस तसे वाटत नाही. ख्रिस्ताच्या दाखल्यातील शोमरोनी जखमीजवळ एकच रात्र राहिला. दुसऱ्या दिवशी दोन दिनार, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी, उतारशाळेच्या रक्षकाच्या हाती ठेवून तो आपल्या वाटेने गेला. त्याला निर्दय कोणी म्हटले नाही. प्रवचनांत तेल आणि द्राक्षारस येतो, तो रक्षक क्वचितच. भेटीस येणारे नातलग फळे आणतात, सुनेची तोंडभर स्तुती करतात. शनिवारची रात्र मात्र कोणी मागून घेत नाही.