पहिल्या पावसाला न फसणारं बी

मृगाचा पहिला पाऊस झाला की गावातले लोक आबांना विचारायला यायचे, "पेरायचं का?" माझे वडील लगेच उत्तर देत नसत. शेतात जाऊन हाताने माती उकरायचे आणि ओल कुठवर उतरलीय ते बघायचे. वीतभर ओल नसली तर नुसती मान हलवून घरी यायचे. आमचं गाव माण तालुक्यातलं. पहिल्या सरीला भुलून बी मातीत टाकावं आणि पावसाने तीन आठवडे दडी मारावी, हे तिथल्या प्रत्येक घराने सोसलेलं आहे. कोंब करपतात, बियाणं जातं आणि दुबार पेरणी येते. हा शब्द ज्या घरात उच्चारला गेला, तिथे त्या वर्षी कुणाचं लग्न ठरत नसे.

आबांची ती उकरलेली माती मला आठवली ती थेट दक्षिण कॅलिफोर्नियात, बोरेगो स्प्रिंग्ज नावाच्या छोट्या गावाबाहेर. लेक सॅन डिएगोला नोकरी करते. २०१८च्या मार्चमध्ये ती मला पहिल्यांदा तिकडे घेऊन गेली. गावाला चहूबाजूंनी वेढून अँझा-बोरेगो हे वाळवंटी उद्यान पसरलं आहे. सुमारे सहा लाख एकरांचं, त्या राज्याच्या उद्यानांमध्ये सर्वांत मोठं. वर्षाचा पाऊस पाच-सहा इंच. त्या हिवाळ्यात तोही नीट झाला नव्हता. ती हळहळत म्हणाली, "आई, गेल्या वर्षी इथे नुसता फुलांचा गालिचा होता गं." मी समोर पाहिलं. करड्या वाळूवर दूरदूर उभी क्रिओसोटची झुडपं, ओकोटिओच्या काटेरी काठ्या, पलीकडे उघडे डोंगर. मला ते दृश्य परकं वाटलं नाही. सातबाऱ्यावर अशा जमिनीची नोंद पोटखराबा म्हणून होते, एवढाच विचार तेव्हा मनात आला.

पुढच्या वर्षी, २०१९च्या मार्चमध्ये, त्याच रस्त्याकडेला आम्ही पुन्हा उतरलो. त्याआधी शरदापासून हिवाळाभर थोड्याथोड्या अंतराने पाऊस येत राहिला होता. जिथे वर्षापूर्वी वाळूच दिसली होती तिथे सँड व्हर्बिनाचा जांभळट गुलाबी पसारा पार डोंगराच्या पायथ्यापर्यंत गेला होता. मधूनमधून ड्यून प्रिमरोजची पांढरी, कागदासारखी पातळ फुलं होती. ती संध्याकाळी उमलतात आणि रात्रीच्या पतंगांची वाट बघतात. वाळवंटी सूर्यफुलांचे पिवळे पट्टे होते. डेझर्ट लिली मात्र एकेकटी उभी. ती बीपेक्षा जमिनीत खोल दडलेल्या कंदाच्या भरवशावर जगते, म्हणून तिचा थाट वेगळा. खाली वाकलं की आणखी एक जग सुरू व्हायचं: नखाएवढी, तांदळाच्या दाण्याएवढी फुलं, जी उभ्याने दिसतच नाहीत. पानापानावर जाड, हिरव्या-काळ्या अळ्या चरत होत्या. दर वसंतात अर्जेंटिनाहून उत्तरेकडे परतणारे स्वेन्सन ससाणे या खोऱ्यात थांबतात आणि याच अळ्यांवर पोट भरून पुढे जातात. त्या मार्चमध्ये पेंटेड लेडी फुलपाखरांचे लाखोंचे थवेही दक्षिण कॅलिफोर्नियावरून उत्तरेला चालले होते. एका पावसाने किती जणांचा प्रवास सोपा केला होता!

भोवतीच्या गर्दीत एकच शब्द ऐकू येत होता, चमत्कार. वर्तमानपत्रांनी त्याला 'सुपरब्लूम' असं नाव दिलं होतं. त्या शब्दाशी माझं जमत नाही. चमत्कार म्हटलं की तो कुणी केला, कसा केला, हे विचारायचं राहून जातं, आणि इथे तर विचारण्याजोगं खूप आहे.

फ्रिट्स वेंट हे मूळचे नेदरलंड्सचे वनस्पतिशास्त्रज्ञ. कॅलिफोर्नियात पॅसाडीना इथल्या तंत्रविज्ञान संस्थेत काम करताना त्यांनी वाळवंटातली माती प्रयोगशाळेत आणली आणि तिच्यावर वेगवेगळ्या मापांचा कृत्रिम पाऊस पाडून पाहिला. पाऊस अर्ध्या इंचाहून कमी असला तर बहुतेक बिया हलल्या नाहीत. इंच-दोन इंच झाला तर त्या उगवल्या. इथवर समजण्यासारखं आहे. पण तीच माती खालून पाणी देऊन भिजवली तर बिया उगवेनात. पाणी वरून पडून मातीतून झिरपत जायला हवं होतं. बियांमध्ये उगवण रोखून धरणारी रसायनं असतात आणि ती पावसाने धुऊन गेली तरच कोंब सुटतो, असा त्याचा उलगडा त्यांनी केला. म्हणजे हे बी ओल मोजत नाही, पाऊस मोजतं. थंडीही मोजतं, कारण हिवाळी फुलांचं बी उन्हाळ्यातल्या वादळी पावसाला जागचं हलत नाही. हे वाचलं तेव्हा मला आबांचा मातीत खुपसलेला हात दिसला. माणसाला पिढ्यान्‌पिढ्या ठेचा खाऊन जे शिकावं लागलं, ते या मोहरीएवढ्या दाण्याच्या अंगातच आहे.

पण याहून खोल गोष्ट पुढे आहे. पाऊस मनाजोगता झाला, थंडी वेळेवर आली, तरीही सगळं बी उगवत नाही. काही भाग त्या वर्षीही मातीतच पडून राहतो. अ‍ॅरिझोनात टुसॉन शहराला लागून टुमामॉक नावाची टेकडी आहे. वाळवंटाच्या अभ्यासासाठी १९०३ साली तिथे प्रयोगशाळा उभी राहिली. लॉरेन्स व्हेनेबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२पासून तिथल्या ठरावीक तुकड्यांतली रोपं दर वर्षी मोजली: किती उगवली, किती मेली, किती बी धरून गेली. ज्या जातींच्या नशिबात वर्षावर्षाचा फरक मोठा, त्या जाती जास्त बी मागे ठेवतात, असं त्या मोजणीतून दिसलं. जेरुसलेमच्या डॅन कोहेन यांनी १९६६ साली हेच गणिताने मांडलं होतं. सगळं एकाच वर्षी उधळणारी जात एखाद्या भरघोस वर्षी सगळ्यांच्या पुढे जाते, पण एका पूर्ण कोरड्या वर्षात ती कायमची पुसली जाते.

१९७२च्या दुष्काळात मी आठ वर्षांची होते. घरात ज्वारी संपली होती. माळ्यावर राख लावून ठेवलेलं बियाण्याचं मडकं होतं, आणि त्याला हात लावायचा नाही हे आम्हा पोरांनाही सांगावं लागत नव्हतं. आई आणि आबा खडी फोडायला जात, सुकडी मिळे ती आम्ही वाटून खात असू. मडकं तसंच राहिलं. पुढच्या वर्षी शेत उभं राहिलं ते त्या मडक्यामुळे. म्हणून बोरेगोच्या त्या रंगांसमोर उभी असताना मला उमललेल्या फुलांपेक्षा खाली राहिलेल्या बियांचं जास्त वाटलं. फुलं म्हणजे त्या वर्षीचा खर्च. शिल्लक वाळूत होती, आणि मी २०१८ साली ओसाड म्हणून पाहिली ती जमीन म्हणजे भरलेली कणगी होती.

या भूमीत हजारो वर्षं राहिलेल्या लोकांना हे माहीत होतं. उद्यानातल्या ब्लेअर खोऱ्यात एक सोपी पायवाट आहे. तिच्या कडेच्या खडकांत गोल, गुळगुळीत खळगे पडलेले दिसतात. ती उखळं आहेत. कुमेयाय बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या तिथे बसून दाणे कुटले. वाळवंटातल्या चियाचं बारीक बी, आपल्या सब्जासारखं पाण्यात फुगणारं, हे इथल्या लोकांचं अन्न होतं. त्यांच्या दृष्टीने फुलोरा म्हणजे येणाऱ्या बियांची खबर. मी त्या उखळात हात घातला. मनगटापर्यंत आत गेला. उत्तरेकडच्या ज्या दरीला १८४९च्या हिवाळ्यात वाट चुकलेल्या सोन्याच्या शोधकांनी 'मृत्यूची दरी' म्हटलं, तिथेही टिंबिशा शोशोनी लोक आधीपासून राहत होते आणि आजही राहतात. त्यांना ते नाव कधीच मान्य नव्हतं. ज्याला जिथे जगता येत नाही, ती जमीन त्याला मेलेली दिसते.

आता गर्दीबद्दल बोलायला हवं, कारण मीही त्या गर्दीतच होते. त्याच मार्चमध्ये लेक एल्सिनोर शहराजवळच्या वॉकर कॅन्यनमध्ये केशरी पॉपीचे उतार पेटल्यासारखे फुलले आणि एका शनिवार-रविवारी इतकी माणसं लोटली की नगर प्रशासनाला रस्ता बंद करावा लागला. छायाचित्रासाठी लोक फुलांत लोळले, उतारांवर नव्या वाटा पडल्या. अँटिलोप व्हॅलीच्या राखीव पॉपी क्षेत्रात तर एका जोडप्याने हेलिकॉप्टर उतरवलं. २०२३ साली पुन्हा बहर आला तेव्हा वॉकर कॅन्यन आधीच बंद ठेवण्यात आलं, आणि ते योग्यच झालं. आमच्या साताऱ्यालाही कास पठारावर रोज किती माणसं सोडायची याची मर्यादा घालावी लागली. तुडवलेलं फूल बी धरत नाही, एवढं साधं कारण त्यामागे आहे. शिवाय पायांखाली दबून घट्ट झालेल्या मातीत पाणी मुरत नाही, आणि ते मुरलं नाही तर खालच्या बियांपर्यंत पावसाचा निरोप पोचणार कसा?

त्याहून मोठा धोका मात्र दिसायला निरागस आहे. बोरेगोच्या फुलांमध्ये हातभर वाढलेली, फिकट पिवळ्या फुलांची एक मोहरी होती. लेकीला वाटलं, हीसुद्धा इथलीच. ती सहारा मोहरी, सहारा आणि भूमध्य समुद्राच्या बाजूची. खजुराच्या लागवडीबरोबर १९२०च्या दशकात ती कॅलिफोर्नियाच्या कोचेला खोऱ्यात आली असं मानतात. ती इतरांच्या आधी उगवते, ओल पिऊन टाकते, पसरट पानांनी बाकीच्यांवर सावली धरते आणि एकेक झाड हजारोंनी बी टाकतं. बोरेगोचे रहिवासी दर हिवाळ्यात स्वयंसेवक म्हणून ती उपटायला जातात. माळावर वाकून हाताने तण काढणारी माणसं पाहिली तेव्हा मला त्या परमुलखात पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं.

तेव्हा मराठी वाचकांपैकी कुणाची मुलं तिकडे असतील आणि मार्चमध्ये जाणं होणार असेल, तर फुलं नसलेल्या वर्षीही बोरेगोला जा. उखळं बघा. पायवाट सोडून पाऊल टाकू नका. आणि परत निघताना गाडीत बसण्याआधी बुटांचे तळवे नीट झटका. सहारा मोहरीचं बी ओलं झालं की चिकट होतं आणि बुटाला, टायरला धरून पुढच्या माळावर जातं.