पैशाचा प्रवास

तोफा-बॉम्बमधला नफा कॅमेऱ्याला टिपता येत नाही. पडलेलं घर टिपता येतं, रांगेतले सैनिक टिपता येतात. पण करदात्याच्या खिशातून निघालेला पैसा कारखानदाराच्या तिजोरीमार्गे बॉम्ब होऊन माणसांच्या डोक्यावर कसा पडतो, हे कुठल्याच रस्त्यावर दिसत नाही. ते चित्र काढूनच दाखवावं लागतं. १९३६ साली ग्लासगोत नॉर्मन मॅक्लॅरेन आणि शिल्पकार हेलन बिगर यांनी ‘हेल अनलिमिटेड’ हा छोटा कृष्णधवल मूकपट केला, तो मला याच निकडीतून आलेला वाटतो.

मॅक्लॅरेन तेव्हा ऐन विशीत होता. ग्लासगो स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकताना कॅमेरा नव्हता, म्हणून त्याने एक झिजलेलं रीळ मिळवलं, टबात भिजवून त्यावरचा चित्रांचा थर धुऊन काढला आणि पारदर्शक पट्टीवर शाईने थेट रंगवायला घेतलं. ज्याला पडद्यावर काही सांगायचंच आहे, तो साधनांसाठी अडून बसत नाही.

‘हेल अनलिमिटेड’मध्ये नकाशे, आलेख, बाहुल्या आणि जिवंत माणसं एकत्र येतात. निर्जीव वस्तू चौकटीगणिक किंचित सरकवत तिच्यात जीव आणण्याची ही विद्या दादासाहेब फाळक्यांनी ‘आगकाड्यांची मौज’मध्ये आधीच वापरली होती. तिथे मौज होती. इथे फिर्याद आहे. शेवटी तर चित्रपट प्रेक्षकालाच कामाला लावतो: खासदाराला लिहा, निदर्शनं करा, संप करा.

पण ग्लासगोतल्या क्लाइड नदीकाठच्या गोद्या नुकत्याच मंदीतून सावरत होत्या, आणि युद्धनौकांच्या कामावर तिथल्या कितीतरी चुली पेटणार होत्या. त्या कामगाराने संप करून खायचं काय? एवढा एक प्रश्न या तरुण संतापाच्या नजरेतून सुटला, असं मला वाटतं.

पुढे काळाने मॅक्लॅरेनलाही पेचात टाकलं. १९४१ मध्ये कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डात त्याने युद्धबचतीच्या प्रचारासाठी ‘व्ही फॉर व्हिक्टरी’ केला. मग १९५२ चा ‘नेबर्स’: एका फुलापायी एकमेकांच्या जिवावर उठलेले दोन शेजारी. त्याला ऑस्कर मिळालं, आणि तो निःसंशय अधिक सफाईदार आहे. तरी मला ग्लासगोचं ते कच्चं, घाईचं काम जास्त मोलाचं वाटतं. या भांडणात पैसा कोण कमावतो, हे ‘नेबर्स’ विचारत नाही.