जहाज नाही आलं तर?

आमच्या शिवडीच्या चाळीत दरवर्षी सप्ताह बसायचा. एका वर्षी महाराजांनी निरूपणाला गीतेतलं निष्काम कर्म घेतलं. काम करत राहा, फळाची आशा धरू नका, हे तासभर समजावून झालं. आमचे आबा पुढच्याच रांगेत. गळ्यात तुळशीची माळ, तळव्याला हूक धरून पडलेला घट्टा. गोदीत ते युनियनचे कमिटी मेंबर होते, पण कीर्तनात मध्येच बोलायची रीत नाही. आरती झाल्यावर पाया पडून त्यांनी हळूच विचारलं, "महाराज, जहाजच नाही आलं तर?"

"पांडुरंगाची इच्छा."

"इच्छा पांडुरंगाची, मग उपास माझ्याच पोरांना का?"

महाराज हसले, बुक्का लावून पुढे सरकले. आबांचा प्रश्न मात्र माझ्यामागे लागला तो आजवर.

आबा साताऱ्याकडून मुंबईत आले तेव्हा गोदीत सगळी रोजंदारी होती. पहाटे गेटाबाहेर उभं राहायचं. टोळीवाला ज्याच्याकडे बोट करील तो आत, बाकीचे घरी. भरती-ओहोटी, पावसाळा, समुद्रात अडकलेली बोट, यातलं काहीच हमालाच्या हातात नव्हतं. जहाजं एकदम लागली तर माणूस कमी पडू नये म्हणून गरजेपेक्षा जास्त माणसं गेटावर ताटकळत हवी असायची. ताटकळण्याचा दाम कुणी द्यायचा नाही.

1948 साली गोदी कामगारांसाठी कायदा झाला, 1951 मध्ये मुंबईची योजना आली. नावं नोंदली गेली, कामाची पाळी ठरली. हजर राहूनही काम मिळालं नाही, तर हजेरीचे पैसे मिळू लागले. ज्यांनी गोदीत युनियन बांधली त्या प्लॅसिड डिमेलोंचं नाव आता जुन्या फ्रिअर रोडला आहे. आबा त्या रस्त्यावरून जाताना टोपी सारखी करायचे.

मला वाटतं, गीतेचा अर्थ आबांना त्या हजेरीच्या पैशांत सापडला. फळ आपल्या हाती नाही, हे गोदीवाल्याला शिकवावं लागत नाही. पण त्यावरून 'म्हणून मजुरीबद्दल बोलू नका' असं कसं निघतं? जहाज वेळेवर भरून सुटणं हे फळ. मजुरी म्हणजे उद्या पुन्हा गोणी उचलायला लागणारी भाकरी. माणूस वेळेवर येऊन उभा राहिला, त्याचं कर्म झालं. पुढची अनिश्चितता देवाची असेल, पण तिचं ओझं एकाच पाठीवर द्यायला देवानं सांगितलेलं नाही. आशा सोडायला आधी धास्ती सुटावी लागते.

मी एकदा आबांना डिवचलं होतं, "मग पगारवाढ मागता ती आशाच ना?" ते म्हणाले, "मजुरी ज्याची, त्यालाच ती सोडता येते. 1908 साली टिळकांना सहा वर्षांची सजा झाली, तर गिरणीवाले सहा दिवस कामावर गेले नाहीत. तिथं कुठं पगारवाढ होती?" पुढे टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात गीतारहस्य लिहिलं. आबांनी ते वाचलेलं नव्हतं, पण ते सहा दिवस त्यांना वडीलधाऱ्यांकडून ऐकून माहीत होते.

मी स्वतः गोदीत नोकरी करून निवृत्त झालो. कंटेनर खाडीपलीकडे न्हावा-शेव्याला गेले. नातू बाईकवरून लोकांचं जेवण पोचवतो. परवा पावसात नाक्यावर दोन तास मोबाईल हातात धरून उभा होता, ऑर्डर आली नाही. घरी येऊन बूट काढताना म्हणाला, "नशीब, आजोबा."

मी त्याला टॉवेल दिला. म्हटलं, "नशीब असेल. पण त्या दोन तासांची हजेरी कुणी लावली?"